गोंदियाच्या थेटरात मी कोणाला चावले?

भुतंखेतं, करणी, अंगात येणं... ह्यातलं काहीही मी मानत नाही. तेव्हा मानत नव्हते आणि ती दुपार बघून मानायला लागले, असंही झालं नाही. गावात कोणाला चिंचेवर काही दिसलं की घरचे मांत्रिकाला आणायला धावायचे आणि मी माझ्या मशीनवर बसून हसायचे. तरीही हे सांगायला घेतलंय. ह्या सदरात बहुतेकांना काहीतरी दिसलेलं असतं किंवा ऐकू आलेलं असतं. माझ्या बाबतीत मी त्याला दातांनी धरलं होतं. घरातली पूर्वा, माझी नात लागते, ती हे टाईप करून देते आहे. तिला सांगितलंय की भाषा सुधारू नकोस.

आधी माझ्याबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी लहान असताना एका तापात माझे दोन्ही पाय गेले. कमरेखाली काठीसारखे सुकले. दोन्ही हातांत लाकडाचे गुटके धरून, जमिनीवर घसरत मी फिरायची. त्यामुळे हात मात्र मजबूत झाले — गावातल्या पोरांशी पंजा लढवला तर हरत नसे. आमचं गाव गोंदियाकडच्या गोरेगावजवळ, घरची धानाची शेती. बाबांनी मला हाताने फिरवायचं शिलाईचं मशीन आणून दिलं होतं आणि त्यावर मी पंचक्रोशीतल्या बायकांची पोलकी शिवायची.

मोठा भाऊ चैतराम, माझा दादा. अंगाने धिप्पाड पण स्वभावाने इतका मऊ की नांगराच्या बैलालाही त्याने कधी तुतारी, म्हणजे हाकायची टोकदार काठी, टोचली नाही. आवाज मात्र असा की शेताच्या ह्या बांधावरून गायला तर त्या टोकाची माणसं धान रोवणं थांबवून ऐकायची. गावातल्या नाटक मंडळीत तो राजा व्हायचा. त्याचा जिवलग दोस्त शालिक, बारीक अंगाचा, लाजाळू. तो नेहमी खलनायक व्हायचा, कारण त्याचे डोळे मोठे होते. कपडे सगळे मी शिवायची.

देशाला स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं आणि आमच्या राज्याची राजधानी नागपूर. धान कापून खळ्यावर आलं होतं, मंडईचे, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रांचे, दिवस होते. त्यात आमच्या मंडळीला गोंदिया शहरातल्या जुन्या थेटरात खेळ करायचं बोलावणं आलं. खेळ दुपारचा, म्हणजे गावोगावच्या लोकांना दिवसाउजेडी परतता यावं. मी दादाच्या मागे लागले की मलाही यायचंय. आजवर मी शिवलेले कपडे माझ्या घरातून निघून जायचे. रंगमंचावर ते कसे दिसतात, हे मी एकदाही बघितलं नव्हतं.

आई म्हणाली, "तू कायले येवढ्या दूर जाऊन राहिलीस? लोकं तुलेच पाहतीन, नाटक कोन पाहीन?"

दादा म्हणाला, "पाहू दे. मी नेतो तिले."

पहाटे रेंगीत बसलो — रेंगी म्हणजे आमच्याकडची छपराची हलकी बैलगाडी — आणि ऊन चढता चढता गोंदियात पोचलो.

आता ते थेटर. इंग्रजांच्या काळात कोणा मालगुजाराने, म्हणजे जमीनदाराने, हौसेने बांधलेलं. दगडी जोतं माणसाच्या छातीएवढं उंच, वर कौलं, समोर नक्षीचे सागवानी खांब. बघून माझा ऊर भरून आला खरा, पण मग मी जिना बघितला. समोरच्या पायऱ्या गुडघाभर उंच आणि धरायला कठडा नाही. खाली सगळं पुरुषांसाठी. बायकांनी वरच्या सज्जात बसायचं आणि तिकडे जाणारा लाकडी जिना म्हणजे बाहेरच्या भिंतीला लावलेली शिडीच. पाण्याचा नळ अंगणात होता. बायकांसाठी संडास इमारतीच्या मागे, तोही चार दगड चढून. हे मला गावातच कळलं होतं म्हणून सकाळपासून मी पाण्याचा घोट घेतला नव्हता. आजकाल रॅम्प आणि व्हीलचेअर असतात... तेव्हा माझ्यासारखीने थेटरात यावं, असं कोणाच्या डोक्यातच नव्हतं.

दादा सामान उतरवत होता तोवर मी म्हटलं, आपण आपलं चढून बघू. गुटके बाजूला ठेवले आणि हातांवर जोर देत सज्जाचा जिना चढायला लागले. तीन-चार पायऱ्या चढले असेन. तेवढ्यात थेटरचे मॅनेजर आले. सगळे त्यांना बाबूजी म्हणत होते. पांढरंशुभ्र धोतर, कानात अत्तराचा फाया, वयस्कर माणूस.

"ए! कहाँ रेंग रही है? उतर नीचे!"

मी म्हटलं, "बाबूजी, मी मंडळीतली आहे, कपडे मीच..."

पुढचं वाक्य पूर्ण झालंच नाही. त्यांनी माझा दंड धरला आणि मला खाली खेचलं. प्रत्येक पायरीवर माझं कपाळ आपटलं. खाली आले तेव्हा कपाळाचं रक्त डोळ्यात आलं होतं आणि ते माझ्या अंगावर पाय उगारून उभे होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. आणि सांगते, त्या चेहऱ्यावर राग नव्हता. घाबरलेला माणूस असतो ना, तसा तो चेहरा होता.

दादाने ते बघितलं. त्या मऊ माणसाने बाबूजींच्या तोंडावर असा ठोसा मारला की ते खांबावर जाऊन आदळले. दुसरा मारला. तिसरा मारला. शालिकने मागून कमरेला मिठी मारून ओढलं नसतं तर तिथेच खून पडला असता.

दादा आपल्या मुठीकडे बघत राहिला. "मी काऊन येवढा मारलो?" हे तो मलाच विचारत होता.

बाबूजींनी फुटलेला ओठ धोतराने पुसला. मला वाटलं आता पोलीस येतील. पण ते हळूच म्हणाले, "पीछे के रास्ते से ले जाओ इसको. यहाँ सबका हाथ उठ जाता है... और सुनो, मारपीट का सीन हो तो छोटा रखना."

मागच्या बाजूला पडद्यांचे, देखाव्यांचे गाडे आत न्यायला मातीचा उतार केलेला होता. म्हणजे सामानासाठी सोय होती! दादाने मला पाठुंगळी घेऊन त्या उताराने आत नेलं आणि रंगमंचाच्या उजव्या विंगेत, कपड्यांच्या पेटीवर बसवलं. तिथून सगळा मंच दिसत होता, जवळजवळ हात लागेल इतका.

खेळ सुरू होण्याआधीच मंडळीत काहीतरी बिघडलं होतं. पेटीवाले मास्तर आणि तबलजी, एका ताटात जेवणारी माणसं. त्यांची सूर लावण्यावरून बोलाचाली झाली आणि मास्तरांनी तबलजीच्या कानशिलात ठेवून दिली. तबलजीने हातोडी उचलली. दोघांना वेगळं करताना चेहरे रंगवणाऱ्याचा अंगठा पिरगाळला गेला. पडदा ओढणाऱ्याने विंगेत आलेल्या कुत्र्याला लाथ घातली आणि ते मरेपर्यंत घालतच राहिला. मी ओरडत होते, "अरे बस कर! मेलं ते!" तो थांबला, खाली बघितलं आणि रडायला लागला. कोणाला काही कळत नव्हतं. दादा म्हणाला, "प्रवासानं सारे चिडले आहेत. एकदा खेळ उरकला का सीधं घर."

पडदा वर गेला. थेटर खच्चून भरलेलं. दादाने पहिलं पद म्हटलं आणि टाळ्यांनी कौलं हलली. वरच्या सज्जातून बायकांनी वन्स मोर दिला. मी सगळं विसरले — कपाळ विसरले, तहान विसरले. माझ्या हातचा निळा अंगरखा, त्याच्यावर मी टाचलेल्या टिकल्या, दिव्यांत अशा चमकत होत्या की मला वाटलं, पाय नसले तर नसले.

शेवटी राजा आणि फितूर सेनापती यांची लढाई. तलवारी सागाच्या, वर चमकी कागद. कागद मीच चिकटवला होता. तालीम मी अंगणात शंभरदा बघितलेली. शालिकने वार करायचे, दादाने अडवायचे, मग दादाने तलवार खुपसायची आणि शालिकने मरायचं. शालिक हलक्या हाताने मारायचा, इतका की दादा त्याच्यावर हसायचा.

पहिला वार दादाने अडवला. दुसरा वार आला तो अडवलेल्या तलवारीसकट दादाच्या खांद्यात बसला. लाकूड मोडल्याचा आवाज आला... मला वाटलं तलवार मोडली. तलवार नव्हती, गळ्याजवळचं हाड होतं. दादा गुडघ्यावर आला. तिसरा वार तोंडावर. ओठ, दात, रक्त. लोकांनी शिट्ट्या मारल्या. "वा! वा!" कोणीतरी ओरडलं, "मार साले को!"

शालिकने तलवार फेकली, दादाला उताणा पाडलं, छातीवर बसला आणि उजव्या हाताने गळा धरला.

मी शालिकचा चेहरा बघत होते. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडाने तो म्हणत होता, "नाही, नाही, नाही." डावा हात त्याने आपल्याच उजव्या मनगटाला लावला होता आणि तो ते मनगट मागे खेचत होता. आणि मग मला दिसलं. शालिकच्या दोन्ही बाह्यांना मी जरीचा काठ लावला होता, पिवळी रुंद जर. ते दोन्ही काठ मला दिसत होते. आणि त्याच्या काखेखालून मागच्या बाजूने एक तिसरा हात पुढे आला होता. उघडा. जाड मनगट, काळे राठ केस, कोपरापर्यंत घामाने ओला. त्या हाताने शालिकचा पंजा वरून दाबून धरला होता, आणि त्याची बोटं शालिकच्या बोटांवरून जाऊन दादाच्या गळ्यात रुतली होती. हाताच्या मागे माणूस नव्हता. शालिकची पाठ होती आणि तिच्यामागे रंगवलेला राजवाडा.

मी ओरडले. "पडदा पाडा! दादाले मारून राहिला!" पडदा ओढणारा दोर धरून नुसता बघत होता. मंडळीतलं कोणी हललं नाही. दादाचे पाय लाकडी फळ्यांवर आपटत होते आणि लोक त्या तालावर टाळ्या वाजवत होते.

माझे गुटके बाहेर जिन्यापाशी राहिले होते. मी पेटीवरून स्वतःला खाली टाकलं आणि तळहातांवर घसरत मंचावर गेले. एवढ्या मोठ्या थेटरासमोर, दिव्यांमध्ये. जन्मभर मी पदराखाली पाय झाकून बसले, आणि आता लुगडं मागे राहिलं होतं आणि ते सुकलेले पाय माझ्यामागे फरपटत होते. कोणीतरी खो-खो हसलं. हसू दे. मी पोचले, आणि त्या उघड्या हाताला दोन्ही हातांनी धरलं. जिवंत माणसाचा हात होता तो. गरम. आतली नस उडत होती. मी ओढलं — आणि मी सांगितलं ना, माझ्या हातात जोर होता — पण तो इंचभर सरकला नाही. दादाची जीभ बाहेर आली होती.

मग मी चावले. मनगटाच्या वर, जिथे मांस असतं तिथे. कोंबडीचं हाड दातांखाली येतं तसं काहीतरी कडक लागेपर्यंत चावले. तोंड रक्ताने भरलं. मी सोडलं नाही. दुसऱ्या बाजूने माझ्या कानावर एक फटका बसला, मग एक डोक्यावर. शालिकचे दोन्ही हात मला समोर दिसत असताना! तरी सोडलं नाही. आणि अचानक दातांखाली काही उरलंच नाही. माझे वरचे-खालचे दात एकमेकांवर आपटले.

शालिक बाजूला कोसळला. दादाने घर्रकन श्वास घेतला. आणि थेटर उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

पुढचं आणखी वाईट. पडदा पडल्यावर मंडळीला आणि गावकऱ्यांना भान आलं, आणि सगळे शालिकवर तुटून पडले. लाथा, बुक्क्या, देखाव्याचे बांबू. "दोस्त म्हणून गळा दाबतोस?" शालिकने हात वर केले नाहीत, डोकंही झाकलं नाही. मी ओरडत होते की तो नव्हता, तो नव्हता, कोणी ऐकेना. शेवटी दादा — हाड मोडलेला, तोंड फुटलेला, आवाज बंद — सरपटत गेला आणि शालिकच्या अंगावर आडवा पडला. दोन बांबू त्याच्या पाठीवर बसले तेव्हा लोक थांबले.

दोघांना एकाच रेंगीतून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दादाचा गळा बघितला, कंदील जवळ घेऊन परत बघितला.

"दोन माणसांनी धरलं होतं का?"

पेटीवाले मास्तर म्हणाले, "नाही साहेब, एकट्यानंच."

डॉक्टर म्हणाले, "एका हाताची बोटं बारीक आहेत. त्याच्यावर ही दुसऱ्याची, पार मागपर्यंत गेलेली." मग त्यांनी शालिकचा हात दादाच्या गळ्याशी धरून मापला. बारीक खुणा जुळल्या, मोठ्या जुळल्या नाहीत.

शालिकचे दोन्ही हात मी स्वतः बघितले. खांद्यापासून नखांपर्यंत. मार लागलेला होता, सूज होती. दाताची खूण कुठेही नव्हती. आणि माझ्या पोलक्याची छाती रक्ताने भिजलेली. नर्सबाईंनी माझं तोंड धुतलं, जीभ, हिरड्या, गाल बोटाने तपासले आणि म्हणाल्या, "तुला तर काहीच लागलं नाही. मग हे कोणाचं?"

लोकांनी नंतर थेटराबद्दल हजार गोष्टी सांगितल्या. कोणी म्हणालं मालगुजाराने तिथे गडी मारला, कोणी म्हणालं जागा मसणाची. प्रत्येकाची गोष्ट वेगळी. मी एकीवरही विश्वास ठेवला नाही. दादा बाबूजींना त्यांचं ते 'सबका हाथ उठ जाता है' विचारायला गेला तर ते म्हणाले, "मैंने ऐसा कुछ बोला ही नहीं." शिकलेले लोक मला समजावतात की दिवसभर पाणी नाही, डोक्याला मार, त्यात भाऊ मरताना बघितला... मेंदू काहीही दाखवतो. असेल. मीही तेच म्हटलं असतं. पण मेंदू पोलकं भिजवतो का, हे मला कोणी सांगितलं नाही.

दादा जगला. हाड वाकडं जुळलं. आवाज परत आला तो घोगरा, फाटका. तो पुन्हा गायला नाही. त्याने शालिकवर तक्रार केली नाही आणि कोणाला करू दिली नाही. त्या इमारतीत पुढे सिनेमा चालला, मग धानाची पोती भरली आणि मग ती पाडली, असं ऐकलं. मी परत गेले नाही.

शालिक मात्र गावात राहिला. लग्न केलं, शेती केली. मला कधी भेटला तर डोळे खाली. एकदाच बोलला, मशीनपाशी येऊन. "मी हात मागं ओढून राहिलो होतो, बाई. तू तरी पाह्यलीस ना?" मी म्हटलं, पाहिलं. तो मान हलवून निघून गेला.

तो वारल्यावर मी त्याच्या बायकोला भेटायला गेले. शांत बाई. बोलता बोलता तिने सांगितलं की लग्नाच्या पहिल्या दिवसापासून शालिक रोज झोपताना उजवा हात खाटेला बांधून घ्यायचा. गाठ तिलाच मारायला लावायचा, आणि सकाळी तिने सोडायची. सगळा संसार असाच झाला.

मी विचारलं, "अन् कधी बांधाचा राहिला तर?"

ती म्हणाली, "एकडाव राहिला होता." तिने गळ्यावरचा पदर बाजूला केला, मला बघू दिलं आणि परत नीट ओढून घेतला.

शालिकची बोटं बारीक होती. तिच्या गळ्यावरचे ते जुने वण बारीक बोटांचे नव्हते... ह्याला काय म्हणायचं, ते मला आजही माहीत नाही.